ताडोबाला येताय? आधी गेट ठरवा, मग हॉटेल

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सहलीतली सगळ्यात महागात पडणारी चूक जंगलात नाही, बुकिंग करताना होते. मुक्काम मोहर्लीला आणि सफारी कोलारा गेटची! नकाशावर दोन्ही जवळ दिसतात. पण मधला रस्ता कोअरमधून, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्यातल्या जंगलातून जातो आणि तो सफारीच्या गाड्यांपुरताच. बाहेरून वळसा घालायचा तर दीड-दोन तास मोडतात, आणि सकाळचं गेट उजाडतानाच उघडतं. म्हणून आधी गेट, मग सफारीचं तिकीट, शेवटी खोली. रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरणार असाल तर मोहर्ली सोयीचं. नागपूरहून उमरेड-भिसी-चिमूर वाटेने गाडीने येणाऱ्यांनी कोलारा किंवा नवेगाव घ्यावं.

कोअर की बफर?

१९५५चं ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६चं अंधारी अभयारण्य मिळून कोअर होतं, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. भोवतीचा बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा. त्यात गावं, शेतं, गुरं सगळं आलं. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंजा या बफर गेटांवरूनही वाघ दिसतो. कोअरचं तिकीट मिळालं नाही म्हणून सहल रद्द करू नका.

कोअर मंगळवारी बंद असतं, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर सलग बंद. सहलीचा एकच दिवस हातात असेल तर वार आधी तपासा.

गेटवर

जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. मूळ ओळखपत्रच जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटो हवे असतील तर कॅमेरा आणा. पाणी स्टीलच्या बाटलीत. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा बोचतो. जाड जाकीट आणि माकडटोपी घ्या, शोभा नंतर बघू. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो आणि धूळ उडते; तोंडाला सुती दुपट्टा लागतोच. याच दिवसांत पाणी आटून जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात, बांबू-सागाची पानं झडून आतवर दिसतं, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता जास्त. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कच्च्या रस्त्यांचे धक्के लक्षात घेऊन डॉक्टरांना विचारूनच सफारी घ्यावी.

वाघ शोधायचा कसा

डोळ्यांआधी कानांनी. शिकारी प्राण्याची चाहूल लागली की इतर जनावरं इशाऱ्याची हाक देतात, तिलाच ‘कॉल’ म्हणतात. चितळ बिबट्याला, रानकुत्र्यांना, कधी नुसत्या संशयालाही ओरडतं. वानराला झाडावरून लांबचं दिसतं, म्हणून त्याचा खोकल्यासारखा कॉल अधिक भरवशाचा. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही. त्याचा ‘ढाँक’ पुन्हा पुन्हा आला तर गाईड गाडी बंद करायला सांगतो. तेव्हा गप्प बसा. ‘कुठंय, कुठंय’ या कुजबुजीत पुढचा कॉल हुकतो. ओल्या मातीवर ताजा ठसा दिसला तर नराचा साधारण चौकोनी आणि मादीचा लांबट असतो, पण निव्वळ ठशावरून पैज लावू नका.

वाघ समोर आल्यावर

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि प्राणी पाहताना दोन गाड्यांत किमान ५० मीटर अंतर हवं. गाड्या दोन्ही बाजूंनी दाटल्या की वाघाची रस्ता ओलांडायची वाट बंद होते. पिल्लं मागे राहिलेली वाघीण तर त्यामुळे फार अस्वस्थ होते. ‘अजून थोडं पुढं घे’ म्हणून चालकाला टिप देऊ नका. दंड आणि बंदी त्याच्या वाट्याला येते.

वाघाची हमी आम्ही देत नाही. कुणी देत असेल तर तिथं पैसे भरू नका. तीन सफाऱ्या घेणार असाल तर दोन कोअर, एक बफर, आणि किमान एक दुपारची ठेवा. बुकिंगसाठी आम्हाला प्रत्येकाचं ओळखपत्राप्रमाणे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक पाठवा; आडनावाचं स्पेलिंग दोनदा तपासून.