चोरसूचक यंत्रणा, घरगुती : पॅनेल व तारजोडणी

दार-खिडकी उघडल्याची किंवा खोलीत कोणी वावरत असल्याची खबर भोंगा वाजवून अथवा दूरवर संदेश पाठवून देणारी विद्युत् यंत्रणा. संवेदक, त्यांच्याकडून आलेल्या तारा वाचणारे नियंत्रण पॅनेल आणि भोंगा व संदेशप्रेषक हे तिचे मुख्य भाग होत. प्रस्तुत नोंदीत पॅनेलच्या तारजोडणीचा विचार प्रामुख्याने केला आहे.

विजेवरील चोरघंटेच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी टिल्डस्ली नावाच्या इंग्रजाने दाराच्या कुलपाला घंटांचा संच जोडला होता, असे लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. पण ती रचना, खरी धरली तरी, केवळ यांत्रिक होती. व्यापारी इतिहासांत अमेरिकी व्यावसायिक एडविन होम्स यांचे नाव पुढे असते. अमेरिकी पेटंट क्र. ९८०२ मात्र मॅसॅचूसेट्समधील सॉमरव्हिलचे ऑगस्टस रसेल पोप यांना २१ जून १८५३ रोजी मिळालेले आहे आणि होम्स यांनी त्याचे हक्क १८५७ च्या सुमारास विकत घेतले. तेव्हा शोधाचे श्रेय पोप यांना व प्रसाराचे होम्स यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. होम्स यांनी धंदा बॉस्टनहून न्यूयॉर्कला नेला. १८७७ मध्ये बॉस्टनमध्ये त्यांच्याच चोरघंटांच्या तारांवरून दिवसा दूरध्वनी चालविण्याचा प्रयोग झाला. रात्री त्या तारा पुन्हा राखणीला लागत. एडवर्ड कॅलहन यांनी घराघरांतून मध्यवर्ती कार्यालयाला इशारा पाठविण्याची योजना आखली, तीही १८७० नंतरच्या याच दशकातील.

पोप यांच्या रचनेत दारे व खिडक्या अनेकसरी (समांतर, प्रत्येकाला स्वतंत्र वाट देऊन) जोडलेल्या असत. दार उघडले की मंडल (सर्किट) पूर्ण होई, विद्युत् चुंबक हातोडी हलवी व घंटा वाजे. दार पुन्हा लावले तरी घंटा थांबत नसे, ही त्यातली खुबी. उणीव अशी, की एरवी तारेतून प्रवाहच वाहत नसल्याने तार आधीच कापून ठेवली तर कोणालाच पत्ता लागत नसे. म्हणून पुढे उलट रीत रूढ झाली : शांत स्थितीत मंडल पूर्ण ठेवायचे व ते खंडित होणे हाच इशारा मानायचा. आजचे बहुतेक दार-संपर्क या रीतीने जोडतात. त्यांत चौकटीवर काचनळीतील रीड स्विच (चुंबक जवळ असता आतील धातूच्या पट्ट्या जुळणारा स्विच) व दाराच्या पाखीवर चुंबक असतो. या स्विचचे श्रेय सामान्यतः बेल प्रयोगशाळेचे डब्ल्यू. बी. एलवुड यांना (१९३६ च्या सुमारास) देतात. काही लेखक लेनिनग्राडच्या कोव्हालेन्कोव्ह यांच्या १९२२ मधील नमुन्याकडे बोट दाखवितात.

पूर्ण मंडलाच्या रीतीतही एक फट राहते. दोन तारा सोलून एकमेकींना जोडल्या की दार उघडले तरी पॅनेलला मंडल पूर्णच दिसते. ही फट बुजविण्यासाठी तारेच्या शेवटच्या टोकाला ठरावीक मूल्याचा रोधक (प्रवाहाला अडथळा करणारा घटक) बसवितात. मूल्य उत्पादकागणिक बदलते. १, २, २.२, ४.७ व ५.६ किलोओहम ही नेहमीची होत. ५.६ किलोओहमचा रोधक हिरवा, निळा व तांबडा या पट्ट्यांवरून ओळखता येतो. रोधक संपर्काशी एकसरी (एकामागोमाग एक) असल्यास दार लावलेले असताना पॅनेलला सुमारे ५.६ किलोओहम, दार उघडल्यावर अनंत रोध आणि तारा जोडल्यास शून्य दिसते. दुहेरी रोधकाच्या पद्धतीत असाच दुसरा रोधक इशारा-संपर्काच्या दोन अग्रांत (तार जोडण्याच्या टोकांत) टाकतात. मग ५.६ म्हणजे ठीक, ११.२ म्हणजे इशारा, अनंत म्हणजे तार कापली किंवा संवेदकाचे झाकण उघडले आणि शून्य म्हणजे तारा जोडल्या, अशा चार स्थिती तारांच्या एकाच जोडीवर वाचता येतात. साध्या घराला एकेरी पद्धत पुरते असा एक पक्ष आहे. अवरक्त (शरीराची उष्णता टिपणारा) संवेदक असलेल्या झोनला (पॅनेल स्वतंत्रपणे वाचते त्या तारजोडीला) तरी दुहेरी पद्धत श्रेयस्कर, कारण झाकणाच्या स्विचसाठी वेगळी जोडी ओढावी लागत नाही. धूरसूचकात संपर्क उलट असतो : रोधक टोकाला अनेकसरी, मंडल पूर्ण झाले तर आग, तुटले तर बिघाड.

रोधक संवेदकाच्या खोक्यात हवा, पॅनेलमध्ये नव्हे. घाईत बरेच कारागीर सगळे रोधक पॅनेलच्या अग्रांतच आवळून टाकतात. यंत्रणा चालू होते, पडद्यावर झोन ठीक दिसतो आणि वाटेतल्या तारा कोणी जोडल्या तरी तो ठीकच दिसत राहतो. जोडी पॅनेलला लावण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजावी : दार लावून रोधकाचे मूल्य अधिक दोन-चार ओहम, दार उघडून अनंत. दार लावलेले असताना नुसते दोन-चार ओहम दिसले तर टोकाला रोधकच नाही, किंवा तारा वाटेत जुळल्या आहेत.

कीपॅडला बहुधा चार तारा जातात : तांबडी धन, काळी ऋण, हिरवी व पिवळी संदेशासाठी. शेवटच्या दोहोंचा क्रम उत्पादकाच्या आराखड्यावरून पाहावा. पॅनेल संवेदकांना १२ व्होल्ट एकदिश पुरवठा देते. २२ गेजच्या (अमेरिकी माप) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०५३ ओहम असल्याने ३० मी. अंतरावर जाऊन-येऊन ३.२ ओहम भरतो. संवेदकाच्या काही मिलिअँपिअरांना त्याची बाधा नाही. पण १ अँपिअर ओढणाऱ्या भोंग्याला १२ पैकी जेमतेम ९ व्होल्ट पोचतात. म्हणून भोंग्याला जाड तार ओढतात. २३० व्होल्टच्या वायरिंगबरोबर एकाच नळीतून या तारा नेऊ नयेत.

वीज गेल्यावर सामान्यतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-अम्ल घटमाला भार घेते. एकूण मागणी २५० मिलिअँपिअर असल्यास गणिताने २८ तास येतात; जुन्या घटमालेत त्याहून पुष्कळ कमी. युरोपीय मानक ईएन ५०१३१ सुरक्षेच्या दुसऱ्या श्रेणीतील यंत्रणांसाठी १२ तास अपेक्षिते. भारनियमनाच्या गावी हा हिशेब आधी करावा. तारा जोडताना मुख्य वीज व घटमाला दोन्ही सोडवून ठेवतात.

बिनतारी संवेदकांमुळे तारा ओढण्याचे काम घटले आहे. भारतात ८६५–८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी विनापरवाना वापरता येतो. संदेश पूर्वी दूरध्वनीच्या तारेवरून जात, आता मोबाइल जाळ्यावरून जातात. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी सेवा थांबविल्यावर तीवर विसंबलेल्या जुन्या पॅनेलांचे संदेशप्रेषक बदलावे लागले.