दूध सोसत नाही? ऑर्लँडोच्या सहलीआधी हे वाचा
(आमच्या फ्लोरिडा सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

सहलीच्या अर्जात ‘खाण्याचं पथ्य’ असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक जण ‘शाकाहारी’ किंवा ‘जैन’ एवढंच लिहितात. दूध पचत नाही हे फार थोडे जण लिहितात. बाकीचे विमानतळावर किंवा थेट पहिल्या जेवणाला हळूच कानाशी येऊन सांगतात, ‘‘मला दूध जरा सोसत नाही हं.’’ संकोच आम्हाला कळतो. पोटाच्या तक्रारी चारचौघांत बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. पण थीम पार्कमध्ये ही एक गोष्ट आधी माहीत असली, तर अख्खा दिवस वाचतो.

हे आम्ही एका प्रसंगातून शिकलो. गटात साठीच्या एक काकू होत्या. दुपारी आम्ही सगळ्या शाकाहारी मंडळींसाठी टोमॅटो सूप आणि चीज सँडविच सांगितलं. सूप क्रीम घातलेलं होतं. जेवण झालं आणि लगेच सगळे एका राइडच्या रांगेत लागलो. फलकावर ७५ मिनिटं लिहिलेली. पाऊण तास झाला असेल, काकूंचा चेहरा पांढरा पडला. पुढे माणसं, मागे माणसं, दोन्ही बाजूंना कठडे. लेकीचा हात धरून ‘सॉरी, सॉरी’ म्हणत त्या सगळ्या रांगेतून उलट्या बाहेर पडल्या. उरलेली दुपार स्वच्छतागृहाजवळच्या बाकावर गेली आणि नातवाशेजारी बसून करायची ती राइड राहूनच गेली. चूक आमची होती. ‘शाकाहारी आहे ना?’ एवढंच आम्ही पाहिलं होतं, दुधाचं विचारलंच नव्हतं.

पोटात काय होतं आणि रांगेत का होतं

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. लहानपणी ते भरपूर असतं, पुढे अनेकांच्या शरीरात कमी होत जातं. मग न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू तयार होतो आणि आतड्यात पाणी ओढलं जातं. पोटात गुबारा धरणं, गुडगुडणं, मुरडा, जुलाब हे त्यातूनच येतं. हा आजार नव्हे, लाजण्यासारखं तर काहीच नाही. जगातल्या बहुसंख्य मोठ्या माणसांचं पोट असंच असतं.

त्रास साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत सुरू होतो. आता ऑर्लँडोचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बाराला जेवलात आणि साडेबाराला रांगेत लागलात, तर पोट नेमकं तुम्ही रांगेच्या मध्यावर असताना कुरकुरायला लागणार. म्हणून दूध सोसत नसलेल्या प्रवाशांना आमचं पहिलं सांगणं पदार्थाबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. ज्याची खात्री नाही असं काहीही मोठ्या राइडच्या आधी खाऊ नका. आइस्क्रीम खायचा मोह आवरत नसेल, तर ते रात्री हॉटेलवर परतल्यावर खा.

सगळं सोडायची गरज नाही

काही जण घाबरून सहा दिवस कोरडी पोळी आणि केळ्यांवर काढतात. तसं करू नका. लॅक्टोज न सोसणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दुधातलं, फारसा त्रास न होता चालतं, आणि जेवणाबरोबर घेतलं तर अधिक बरं चालतं. ज्याचं त्याचं पोट वेगळं असतं, पण हिशेब करायला हा आकडा उपयोगी पडतो.

१०० मिली दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. आपल्या घरच्या चहात ५०-६० मिली दूध पडतं, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. म्हणून सकाळच्या चहाने अनेकांना काहीच होत नाही आणि त्यांना वाटतं, आपल्याला दूध चालतं. मग तिथे मोठ्या कपातला लाटे घेतात. त्यात साडेतीनशे मिली दूध सहज असतं, म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम. पोट बिघडलं की दोष ‘अमेरिकेतल्या कॉफीला’ दिला जातो. कॉफी हवीच असेल तर ओट किंवा बदामाच्या दुधातली मागा, नाहीतर काळी घेऊन त्यात चमचाभर दूध घाला.

साजूक तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं. लोण्यातही अगदी थोडं असतं. चेडर, पार्मेझान अशा मुरवलेल्या कडक चीजमध्ये नगण्य. दह्यात विरजणाने ते कमी झालेलं असतं आणि त्यातले जिवाणू उरलेलं पचवायला मदतही करतात. जपायचं ते ताज्या दुधाला, क्रीमच्या सूपला, पांढऱ्या सॉसला, मिल्कशेकला, आइस्क्रीमला, दुधाच्या पावडरीला आणि आटवलेल्या दुधाच्या प्रत्येक पदार्थाला. सोबत आणलेले पेढे यातच आले. खवा म्हणजे आटलेलं दूध, त्यात लॅक्टोज एकवटलेलं असतं.

‘व्हेज’ हा शब्द पुरत नाही

आपल्या शाकाहारी मंडळींची खरी अडचण इथे आहे. अमेरिकेत काउंटरवर ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की समोर येतो पिझ्झा, पांढऱ्या सॉसचा पास्ता, मॅक अँड चीज, चीज सँडविच. मांस काढलं की त्या जागी चीज घालायचं, हा तिथला सरधोपट मार्ग. आपल्याकडच्या पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तसंच आहे. त्याचा अर्थ शाकाहारी, बिनदुधाचं असा नाही.

म्हणून तिथे दोन शब्द वापरा: ‘डेअरी-फ्री’ आणि ‘प्लांट-बेस्ड’. ‘प्लांट-बेस्ड’ म्हणजे दूध, अंडं, मध, मांस यातलं काहीही नाही. डिस्नेच्या मेनूवर अशा पदार्थांपुढे पानाची छोटी खूण असते. शाकाहारी असून दूध सोसत नाही अशा माणसाला ही खूण सगळ्यात सोयीची. प्रत्येक प्रवाशाला आम्ही खिशात मावेल असं एक कार्ड देतो. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं: मांस नको, मासे नकोत, अंडं नको, दूध नको, क्रीम नको, चीज नको, बटर चालेल. तुम्हाला अंडं चालत असेल तर ती ओळ खोडा. इंग्रजी बोलायचा संकोच वाटत असेल तर नुसतं कार्ड पुढे करा.

डिस्नेच्या चार पार्कमध्ये

मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम या चारही ठिकाणी पथ्यपाण्याची व्यवस्था मनापासून केलेली आहे. डिस्नेच्या ॲपवरून जेवण मागवताना ‘ॲलर्जी-फ्रेंडली’ मेनू उघडला की दूध टाळणाऱ्यांना चालणारे पदार्थ वेगळे दिसतात. कोणाला विचारायला नको, रांग नको. पहिल्या दिवशी आमचा सहल-व्यवस्थापक हे सगळ्यांच्या फोनवर करून दाखवतो. आजी-आजोबांनी मागे राहू नये, आधी त्यांचाच फोन पुढे करावा.

बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखतानाच पथ्य नोंदवता येतं. टेबलावर पुन्हा सांगा, आणि शंका असेल तर शेफशी किंवा जाणत्या माणसाशी बोलायचं आहे असं म्हणा. तिथे कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

ॲनिमल किंगडममध्ये पँडोरा भागात साटुली कँटीन आहे. भात किंवा तसा काही आधार, त्यावर टोफू, भाज्या आणि सॉस असा वाडगा मिळतो. सॉस तेवढा विचारून घ्या. दुपारी गरम भातासारखं काहीतरी पोटात गेलं की आपल्या माणसाला बरं वाटतं, म्हणून त्या दिवसाचं जेवण आम्ही शक्यतो तिथे ठरवतो. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये ‘सना’ नावाचं रेस्टॉरंट आहे. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात, आणि ताटात नानचे तुकडे आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या. भारतीय चव म्हणून आपली मंडळी तिथे पथ्य सैल सोडतात. पण नानच्या पिठात बहुधा दूध किंवा दही असतं, आणि रायतं, मखनी पद्धतीच्या ग्रेव्ही यांत दुधाचं काही ना काही असतंच. तिथेही कार्ड दाखवाच.

गोड काय? मॅजिक किंगडममध्ये अलोहा आइल या टपरीवर डोल व्हिप मिळतं. अननसाचं हे थंडगार, मऊ गोड बिनदुधाचं असतं. आमच्या गटातल्या मुलांनी ते दोनदोनदा घेतलंय. फक्त व्हॅनिलाबरोबर पीळ घातलेलं घेऊ नका, त्यात दूध येतं. मिकीच्या कानांचं चॉकलेट लावलेलं आइस्क्रीम मात्र दुधाचंच. लहान मुलाने त्याचा हट्ट धरला तर पुढे गोळ्यांबद्दल लिहिलंय ते वाचा.

डिस्नेच्या पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या, मद्य आणि सुटा बर्फ नको, आणि गरम करून द्या असं सांगता येत नाही. थंड पेयं विकणाऱ्या काउंटरवर बर्फाचं पाणी पेलाभर फुकट मिळतं. फ्लोरिडाच्या उन्हात, आणि पोट बिघडलं असेल तर विशेष, ते मागून घ्या.

युनिव्हर्सलमध्ये

इथे नियम अधिक कडक आहेत. किरकोळ खाऊ आणि पथ्यासाठी लागणारं खाणं नेता येतं. मोठे डबे नेऊ नका. गेटवर विचारलं तर पथ्याचं आहे असं सरळ सांगा. हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॉगस्मीड गावासारख्या उभारलेल्या भागात बटरबिअर नावाचं गोड पेय मिळतं, ते सगळ्यांनाच हवं असतं. त्यात मद्य नसतं. प्रश्न असतो तो वरच्या फेसाचा. बिनदुधाचा फेस आहे का ते विचारा, नसेल तर फेसाशिवाय मागा.

नावावर जाऊ नका

‘शर्बेट’ ऐकलं की आपल्याला सरबत आठवतं आणि वाटतं, हे पाण्याचंच. तसं नाही. अमेरिकेत शर्बेट म्हणजे थोडं दूध घातलेला थंड गोड पदार्थ. तुम्हाला हवं ते ‘सॉर्बे’. त्यात फळाचा रस, साखर आणि पाणी असतं. पाटीवर दोन्ही नावं शेजारीशेजारी दिसतात, नीट वाचून बोट ठेवा.

‘बटरमिल्क’ म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे. ते घट्ट असतं, पाणी घातलेलं नसतं, आणि पॅनकेकपासून सॅलडच्या रँच ड्रेसिंगपर्यंत कुठेही असतं. कुस्करलेला बटाटा दिसायला साधा, पण त्यात दूध कालवलेलं असतं. पाकिटातलं काही घेतलं तर मागे ‘कंटेन्स’ या शब्दापुढे ‘मिल्क’ आहे का पाहा. दुधासारखी मोठी ॲलर्जीकारक द्रव्यं स्पष्ट लिहिणं तिथे २००६पासून कायद्याने सक्तीचं आहे. ‘लॅक्टिक ॲसिड’ वाचून मात्र बिचकू नका, ते लॅक्टोज नव्हे.

लॅक्टेजच्या गोळ्या

अमेरिकेत औषधांच्या दुकानात आणि मोठ्या किराणा दुकानांत या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. आपल्या शरीरात जे एन्झाइम कमी पडतं तेच त्यात असतं. पहिल्या घासाबरोबर घ्यायची. त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. जेवण लांबलं तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे आणखी एक. मधुमेहाची किंवा दुसरी औषधं चालू असतील, किंवा गोळी लहान मुलाला द्यायची असेल, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. घरी असतानाच एकदा घेऊन पाहा, परदेशात पहिला प्रयोग नको. ओआरएसच्या पुड्या प्रत्येकाने सोबत ठेवाव्यात. व्यवस्थापकाच्या पिशवीतही असतात.

ॲलर्जी असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी पुरेसं नाही

लॅक्टोज न सोसणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर उलटते. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, श्वास अडकतो, जिवावरही बेतू शकतं. तिथे तूप, बटर, लॅक्टोज-फ्री दूध, लॅक्टेजची गोळी यातलं काहीही चालत नाही. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्येसुद्धा दुधाचं प्रथिन असू शकतं. पार्कची स्वयंपाकघरं सगळ्यांसाठी एकच असतात. अशा प्रवाशांनी, विशेषतः मुलांच्या आईवडिलांनी, पैसे भरण्याआधी आम्हाला फोन करा. डॉक्टरांचं पत्र आणि आपत्कालीन इंजेक्शन सोबत असल्याशिवाय आम्ही नेत नाही. हे कडक वाटेल, पण यात आम्ही सूट देत नाही.

सोबत काय बांधायचं

तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, राजगिऱ्याची चिक्की, भाजक्या पोह्यांचा चिवडा. दशम्या करणार असाल तर या वेळी दुधाऐवजी पाण्यात भिजवा. दुकानातला खाकरा किंवा बिस्किटं घेताना मागे ‘दुधाची पावडर’ आहे का पाहा, बिस्किटांत ती हमखास असते. ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेऊ नका, आणि जे न्याल ते उतरल्यावर जाहीर करा.

आमच्या खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कच्या एकदिवसीय सहलीला येणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. तिथे बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे नाश्ता आम्ही वाटेतच भरपेट देतो. आत लस्सी, फालुदा, कुल्फी टाळा. पावभाजीवरच्या बटरने सहसा काही होत नाही.

अर्जावर पथ्याच्या रकान्याखाली आता तीन चौकोन आहेत: ‘दूध अजिबात नको’, ‘चहापुरतं चालतं’, ‘दुधाची ॲलर्जी आहे’. एकावर खूण करा. डिस्नेमधली टेबलं ६० दिवस आधी राखता येतात, म्हणून अर्ज निघण्याच्या किमान ७० दिवस आधी आमच्याकडे पोचू द्या. कार्यालयात येऊन सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर कळवलंत तरी चालेल.