एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह नीट चालत नाही? आधी बघा, तो गायब होतोय की अडतोय

पूर्ण बंद पडलेली वस्तू परवडली, पण कधी चालते कधी नाही अशी वस्तू नको. एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह बहुतेक वेळा असाच छळतो. सकाळी सीडी लावली तर लगेच उघडते, संध्याकाळी तीच लावली तर नुसतं घर्र घर्र करून गप्प, मग आपण केबल काढ, परत लाव, डिस्क शर्टाला पूस, परत घाल असं करत बसतो आणि त्यातल्या कशाने तरी चालू होतं पण नेमकं कशाने ते कळतच नाही, कारण चार गोष्टी एकदम केलेल्या असतात. शेवटी "लेझर गेला असणार" म्हणून ड्राइव्ह कपाटात जातो. लेझर खरंच जातो कधीकधी, नाही असं नाही. पण माझ्या मते संशयितांच्या यादीत त्याचा नंबर बराच खाली लागायला हवा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची. त्रास होतो त्या क्षणी ड्राइव्ह कॉम्प्युटरवरून गायब होतो का, की जागेवर असतो पण वाचताना अडतो? गायब होणं म्हणजे यूएसबी काढल्यावर येतो तो आवाज येतो, ड्राइव्हचं अक्षर नाहीसं होतं आणि थोड्या वेळात परत येतं. अडणं म्हणजे अक्षर तिथेच असतं, पण कॉपी होता होता थांबते, विंडो गोठते, डिस्कचा वेग कमी जास्त होतानाचा आवाज येत राहतो आणि शेवटी एरर येतो. गायब होत असेल तर आधी विजेवर आणि केबलवर संशय घ्यायचा, अडत असेल तर डिस्कवर आणि लेन्सवर. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर (कॉम्प्युटरची नोंदवही) उघडून बघितलं की अडणाऱ्या ड्राइव्हच्या 'बॅड ब्लॉक'च्या नोंदी दिसतात, लिनक्सवर डीमेसेज (dmesg) ही कमांड चालवली की एकतर 'यूएसबी डिस्कनेक्ट' दिसेल, म्हणजे गायब होतोय, नाहीतर 'मीडियम एरर', म्हणजे अडतोय. इतक्या स्वस्तात इतकं मोठं उत्तर मिळत असताना लोक थेट स्क्रू ड्रायव्हर काढतात!

आता गायब होण्याचं बघू. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर द्यायचे, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० ला ९०० मिलीअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. आणि ड्राइव्ह उलटा करून खालचं स्टिकर वाचा, तिथे बऱ्याचदा १ अँपिअरहून जास्त आकडा छापलेला असतो. मग चालतो कसा? तर एवढा करंट त्याला सतत लागत नाही. थांबलेली डिस्क फिरवायला सुरुवात करताना मोटर सगळ्यात जास्त ओढते, आणि राइट करताना लेझरही जास्त खातो, एरवी काम कमी विजेत भागतं. शिवाय बरेचसे पोर्ट नियमापेक्षा थोडं जास्तच देतात. म्हणजे सगळा मामला काठावरचा. चांगल्या पोर्टवर निभावतं, जरा कमजोर पोर्टवर डिस्कने वेग घ्यायला सुरुवात केली की व्होल्टेज खाली बसतं आणि ड्राइव्हच्या डब्यात यूएसबी आणि साटा (ड्राइव्हची आतली जोडणी) यांच्यामधली जी दुभाषी ब्रिज चिप असते ती रिसेट होते. कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी वायर उपटली.

यात केबलचा वाटा लोकांच्या लक्षातच येत नाही. समजा सगळ्या तारा अगदी बारीक असलेली दोन मीटरची केबल आहे, जायची यायची धरून चार मीटर तार झाली, तिचा रोध पाऊण ओहमच्या वर सहज जातो, आणि १ अँपिअर ओढला की पाऊण व्होल्ट वाटेतच खलास. निघाले ५, पोचले सव्वाचार. त्यात कनेक्टर सैल झालेला असेल तर अजून थोडे गेले. म्हणून ड्राइव्हसोबत आलेली केबल एवढीशी आखूड असते, कंजूषपणा म्हणून नाही. ती हरवली आणि ड्रॉवरमधली दुसरी कुठलीतरी लांब केबल लावली की इथूनच 'कधी चालतो कधी नाही' सुरू होतं.

तेव्हा तपासायचं ते असं. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) मधून काढा, थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागचा वापरा, कारण मागचे थेट मदरबोर्डवर असतात, पुढच्यांना आत आणखी एक वायर असते. जाड आणि आखूड केबल घ्या. ड्राइव्हला दोन तोंडांची वाय केबल असेल तर दोन्ही तोंडं लावा, ते दुसरं तोंड शोभेला दिलेलं नसतं, फक्त वीज आणायला असतं. एवढं करूनही नाही जमलं तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब वापरून बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, नाहीतर परत तेच, चालू झालं पण कशाने ते माहीत नाही.

एक वेगळा प्रकार, तुम्ही काहीच करत नसताना ड्राइव्ह गायब होत असेल तर विंडोजचं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करून बघा, पॉवर ऑप्शनमध्ये सापडतं, लॅपटॉपवर हे बरेचदा निघतं. आणि ड्राइव्ह फिरतोय, लाइट लागतोय पण माय कॉम्प्युटरमध्ये कधीच दिसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आहे, असं असेल तर डिस्क बर्न करायच्या जुन्या सॉफ्टवेअरने मागे सोडलेल्या अप्परफिल्टर्स लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) अडकलेल्या असू शकतात, तो ड्राइव्हचा दोषच नाही. फाइल्स दिसतात पण सिनेमा तेवढा लागत नाही? विंडोज ८ पासून डीव्हीडी व्हिडिओ चालवायची सोय विंडोजमध्ये आपोआप येत नाही, व्हीएलसी प्लेयर टाका, विषय संपला.

आता खरी मजा, अडणारा ड्राइव्ह. डीव्हीडीवर डेटा एका सलग सर्पिल रेषेत असतो, आतून बाहेर. शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये अंतर ०.७४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), सीडीत १.६ मायक्रॉन, ब्लू-रेत ०.३२. डीव्हीडीच्या एका थरावरची ही रेषा सरळ ताणली तर जवळपास १२ किलोमीटर भरेल. आणि ८ एक्स, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या आठपट वेगाच्या ड्राइव्हमध्ये डिस्क मिनिटाला साडेचार हजारांच्या आसपास फेरे घेत असते. फिरताना ती थोडी वरखाली डोलते, मधलं भोकही अगदी शंभर टक्के मध्यावर नसतं, त्यामुळे लेन्ससमोरून एका फेरीत डझनभर वेढे इकडचे तिकडे सहज सरकतात. तरी वाचता येतं, कारण लेन्स घट्ट बसवलेली नसतेच. ती बारीक तारांवर लटकलेली असते, बाजूला चुंबक आणि कॉइल, आणि परत येणारा उजेड बघून सर्किट तिला सतत वर खाली, डावीकडे उजवीकडे ढकलत असतं. ट्रे बाहेर काढून बघा, स्लिम ड्राइव्हमध्ये तो निळसर चमकणारा ठिपका समोरच दिसतो, ब्लोअरच्या हलक्या झोताने सुद्धा हलतो.

डिस्कवरच्या धुळीचं तेवढं बिघडत नाही. सीडीचा लेझर खालच्या पृष्ठभागावर पडतो तेव्हा साधारण ०.८ मिलीमीटर रुंद असतो आणि १.२ मिलीमीटर प्लास्टिकमधून जात जात डेटाच्या थरावर पावणेदोन मायक्रॉनच्या आसपास एकवटतो, म्हणजे पृष्ठभागावरचा कण त्याच्या दृष्टीने फोकसच्या बाहेर. वर एरर करेक्शन (चुका दुरुस्त करायची सोय) आहेच, रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या कोडवर चालणारं, सीडीत साधारण अडीच मिलीमीटरपर्यंतचा सलग तुटलेला तुकडा ते हिशोबाने पूर्ण परत मिळवतं. गाळलेल्या जागा भरा, पण उत्तर अंदाजाने नाही, गणिताने. म्हणून मध्याकडून कडेकडे गेलेला चरा चालून जातो, तो प्रत्येक वेढ्याला थोडासाच कापतो. वेढ्याच्या दिशेने गेलेला गोल चरा मात्र सलग खातो. डिस्क गोल गोल पुसू नका, मध्यापासून कडेला सरळ पुसा, असं सांगतात ते याचसाठी. आणि सीडीची लेबलची बाजू जास्त नाजूक बरं का, डेटाचा थर तिथेच पातळ लाखेखाली असतो, तिकडून खरवडलं तर दुरुस्तीला काही उरत नाही.

लेन्सवर धूळ बसली तर ती प्रत्येक डिस्कला आडवी येते. म्हणून कुठल्या डिस्क चालतात आणि कुठल्या नाही हे नीट लिहून काढा, यातून बरंच कळतं. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा, ब्लू-रेला ४०५ चा, म्हणजे वेगवेगळे डायोड (लेझर सोडणारे भाग). सीडी सगळ्या चालतात आणि डीव्हीडी एकही नाही, किंवा उलट, असं असेल तर त्या एका डायोडवर संशय घ्यायला जागा आहे, इथे लेझर गेला म्हणायला माझी हरकत नाही. विकत आणलेल्या छापील डिस्क चालतात पण घरी बर्न केलेल्या, त्यातही री-रायटेबल, चालत नाहीत? छापील सीडी ७० टक्क्यांच्या वर उजेड परत पाठवते, री-रायटेबल, म्हणजे सीडी-आरडब्ल्यू, १५ ते २५ टक्केच. थोडी मळलेली लेन्स किंवा थकत चाललेला लेझर आधी इथेच उघडा पडतो.

कुठे अडतो तेही बघा. सुरुवातीलाच, डिस्क ओळखतच नाही असं असेल तर ट्रे उघडून डिस्क मधल्या चकतीवर टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा, स्लिम ड्राइव्हमध्ये नुसती ठेवून भागत नाही, अर्धवट बसलेली डिस्क हे फार कॉमन कारण आहे. शेवटी शेवटी अडत असेल तर डिस्कची बाहेरची कड बघा, बोटं तिथेच लागतात, वाकलेली डिस्क तिथेच जास्त डोलते आणि वाचायचा वेगही तिथे सगळ्यात जास्त. आणि साडेआठ जीबीची दोन थरांची डीव्हीडी बरोबर मध्यावर अडकते, तेव्हा ड्राइव्ह पहिल्या थरावरून दुसऱ्यावर उडी मारत असतो, नवीन फोकस पकडायला त्याला जमत नसतं.

लेन्स साफ करायची तर आधी रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. तरी नाही झालं तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब, आणि हात इतका हलका की लेन्स जेमतेम हलेल. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, बऱ्याच लेन्स प्लास्टिकच्या असतात, कायमच्या धुरकट होतील. थंड जागेतून ड्राइव्ह उबेत आणला असेल तर लेन्सवर बाष्प धरतं, तासभर नुसता ठेवून द्या, काही पुसू नका. आत लेझरची ताकद वाढवायचा छोटा स्क्रू असतो, व्हिडिओत तो फिरवतात, चार दिवस चालतो आणि मग डायोड कायमचा जातो. मी तरी हात लावणार नाही.

ट्रे अर्धा उघडला की चालू बंद होतो, किंवा ट्रे हलवला की आवाज बदलतो, असं दिसलं तर ट्रेखालची चपटी रिबन केबल बघा, स्लिम ड्राइव्हमध्ये सगळी यंत्रणा ट्रेवरच असल्याने ती प्रत्येक वेळी दुमडते आणि वर्षानुवर्षांनी तुटते. ती बदलायचा खटाटोप करण्यापेक्षा नवा ड्राइव्ह बरा.

पण टाकून द्यायच्या आधी, अजून थोडंफार वाचत असेल तर अवघड डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने काढायला घ्या. ते सोपे भाग आधी उचलतं, अडलेले मागे ठेवतं आणि काय मिळालं काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करतं. नंतर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल दिली की फक्त राहिलेले सेक्टर (डेटाचे छोटे तुकडे) वाचायला जातं. दोन ड्राइव्हच्या लेन्स आणि सर्किट सारखी नसतात, एकाला जे सेक्टर अजिबात जमत नाहीत ते दुसरा कित्येकदा सहज उचलतो, अगदी तो दुसरा स्वतः जुना, खडखडणारा असला तरी.