गिटारला ही 'शिंगं' कुठून आली

परवा कोथरूडच्या जॅमरूममध्ये एफवायच्या एका पोराने सेकंडहँड बेस (खालच्या सुरांची इलेक्ट्रिक गिटार) आणला, पट्टा गळ्यात अडकवून हात सोडला की हेडस्टॉक (दांडीच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) धाडकन खाली, डाव्या हाताने तारा दाबायच्या की नेक, म्हणजे दांडी, उचलून धरायची तेच त्याला कळेना. वरचं शिंग, म्हणजे बॉडीचं नेकच्या बाजूने पुढे आलेलं टोक, हॉर्न, आखूड होतं. दुकानात आपण सगळेच 'स्ट्रॅट शेप दाखवा' म्हणतो (स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार), पण तो शेप तसा का हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

तंबोऱ्याचा घेर भोपळा ठरवतो, मिरजेच्या कारागिराला आधी भोपळा चांगला मिळावा लागतो. अकूस्टिक गिटारचंही तसंच, आतली पोकळी महत्त्वाची. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, आला आणि ही अट सुटली. वादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार बाय चार इंची लाकडी ओंडक्यावर तारा चढवल्या आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या गिटारचे अर्धे भाग जोडले, आवाज ओंडक्याचाच होता, बाजू फक्त गिटारसारखं दिसावं म्हणून.

कटअवे म्हणजे वरच्या फ्रेट्सपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात पोचावा म्हणून बॉडीत दिलेली खाच, टोकदार असेल तर फ्लोरेंटाइन, गोल असेल तर व्हेनेशियन. फेंडरच्या १९५० च्या सपाट फळीला, जिला पुढे टेलिकास्टर नाव मिळालं, एकच कटअवे होता.

खरा बदल फेंडरच्याच १९५१ च्या प्रिसिजन बेसने केला. ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), म्हणजे नेक लांब आणि जड, मग तोल सांभाळायला वरचं हॉर्न बाराव्या फ्रेटच्या आसपास नेलं आणि पट्ट्याचं बटण त्याच्या टोकाला लावलं. माझ्या मते इलेक्ट्रिक गिटारचा चेहरा तिथेच ठरला, आणि त्याचं श्रेय बेसला कधीच मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरने तीच दोन शिंगं घेतली. शिवाय टेलिकास्टरची कड बरगडीत रुतते अशी बिल कार्सनसारख्या वादकांची तक्रार होती, म्हणून मागून पोटाशी आणि पुढून कोपराखाली लाकूड तासलं, तेच कॉन्टूर. जुनी स्ट्रॅट हातात आली तर पाठीवरून तळवा फिरवून बघा, लगेच कळेल.

१९५८ मध्ये फेंडरच्या जॅझमास्टरची कंबर तिरकी झाली, म्हणजे ऑफसेट, बसून वाजवायला सोयीची. त्याच वर्षी गिब्सन कंपनीने फ्लाइंग व्ही काढली, तिला कंबरच नाही, मांडीवरून घसरू नये म्हणून कडेला रबराची पट्टी लावावी लागली! गिब्सनच्याच १९६३ च्या फायरबर्डला तर गाड्यांचे डिझायनर रे डीट्रिक यांनी आकार दिला, त्यात खालचं शिंग वरच्यापेक्षा लांब, म्हणून त्याला रिव्हर्स बॉडी म्हणतात.

फेंडरला स्ट्रॅट, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेसच्या बॉडी शेपवर ट्रेडमार्क हवा होता, अमेरिकेत २००९ मध्ये तो नाकारला गेला. नाव मात्र त्यांचंच, म्हणून बाकीचे 'एस टाइप', 'टी टाइप' लिहितात.

त्या पोराला हलके ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) आणि आतून खरखरीत असा रुंद चामडी पट्टा लावायला सांगितलंय, शिंग काही वाढवता येत नाही.