हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल

कोकमाच्या सालीला आंबटपणा देणारे प्रमुख सेंद्रिय अम्ल. केरळी स्वयंपाकातील कुडंपुळी या कोकमाच्या भाऊबंद फळातही ते मुबलक असते. त्या फळातील मुख्य अम्ल हेच, हे वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. लिंबातील सिट्रिक अम्लाच्या रेणूला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी जादा चिकटली, की हा रेणू तयार होतो. कर्करोगाच्या संशोधनात त्याला स्थान मिळाले ते या एका जोडीमुळे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात आणि वळवाचा पाऊस येण्याआधी आमसुले घालून घ्यायची घाई सुरू होते. फळे फोडून बिया आणि गर वेगळा काढतात. साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा रसात बुडवायच्या. अशी पुटे दिली की साल काळपट, मऊ आणि खारट-आंबट होते. मिठातला दाट रस म्हणजे आगळ, सोलकढी त्याचीच. बियांचे घट्ट तेल, मुठेल, भेगाळलेल्या टाचांना लावतात. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळण्याची चालही जुनीच.

पेशीत या अम्लाचे काम कसे चालते, हे समजायला कर्कपेशीची खादाडी समजावी लागते. ऑक्सिजन हाताशी असतानाही या पेशी ग्लुकोज भराभर फोडून त्याचे लॅक्टिक अम्ल करतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात नोंदवले. सगळे ग्लुकोज मात्र तसे वाया जात नाही. त्यातल्या काही कार्बनचे सिट्रेट (सिट्रिक अम्लाचे पेशीतले रूप) होते, ते मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातून, बाहेर येते आणि एटीपी-सिट्रेट लायेज हे विकर (एन्झाइम) ते फोडून असेटिल-कोए बनवते. त्यापासून मेदाम्ले आणि मेदाम्लांपासून नव्या पेशींची आवरणे बनतात. सतत दुभंगणाऱ्या पेशीला हा माल हवाच असतो. हायड्रॉक्सिसिट्रेट, म्हणजे आपल्या अम्लाचे पेशीतले रूप, दिसायला सिट्रेटसारखे असल्याने विकराच्या खाचेत जाऊन बसते. फुटत मात्र नाही, आणि काम अडते.

असेटिल-कोए घटले की दुसरी गोष्ट घडते, आणि तीच अधिक रंजक आहे. एरवी हा पदार्थ भरपूर असताना ईपी३०० नावाचे विकर प्रथिनांवर असेटिल गट चिकटवून स्वभक्षण (ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवणे) रोखून धरते. साठा आटला की पेशी उपाशी असल्यासारखी वागते आणि स्वतःचेच जुने, मोडके भाग पिशव्यांत भरून पचवू लागते. या यंत्रणेची जनुके योशिनोरी ओसुमी यांनी किण्वात (यीस्टमध्ये) शोधली. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. असेटिल-कोए हे या यंत्रणेचे एक नियंत्रक आहे, हे गिडो क्रोमर यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडले. याच गटाने २०१६ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत केमोथेरपीला हायड्रॉक्सिसिट्रेटची जोड दिल्यावर गाठींची वाढ अधिक आटोक्यात राहिली. त्यासाठी कर्कपेशींतील स्वभक्षण आणि उंदराची प्रतिकारशक्ती दोन्ही शाबूत असणे गरजेचे ठरले.

योगायोग असा, की कोकमाच्या सालीतलाच गार्सिनॉल हा पिवळा पदार्थ आणि काजूच्या टरफलातील तेलातले अ‍ॅनाकार्डिक अम्ल (हे तेल हाताला लागले की कातडी सोलवटते, हे काजू फोडणाऱ्या बायकांना सांगावे लागत नाही) हे दोन्ही त्याच ईपी३०० ला रोखतात. बंगळूरच्या तपस कुंडू यांच्या प्रयोगशाळेने ते २००३-०४ मध्ये दाखवले. एकाच वाटेवर परसातली दोन झाडे भेटावीत, हे विरळाच.

तरीही ‘कोकम खा, कर्करोग टाळा’ असे मोबाइलवर फिरणारे निरोप या संशोधनातून निघत नाहीत. हे अम्ल पेशीत सहज शिरत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत त्याची मात्रा मोठी ठेवावी लागते. वाटीभर सोलकढीतून ती मिळण्यासारखी नाही. उष्णतेने ते लॅक्टोन या वलयाकार रूपात जाते आणि त्या रूपात विकराला फारसे अडवत नाही, म्हणून बाजारात त्याचे कॅल्शियम किंवा पोटॅशियम क्षार मिळतात. शिवाय स्वभक्षण दुधारी आहे. सुरुवातीला ते मोडके भाग साफ करून गाठ होऊ देत नाही, पण वाढलेल्या गाठीत उपाशी कर्कपेशींना तेच जगवते. त्यामुळे ते थांबवण्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाच्या चाचण्याही झाल्या आहेत.

वजन घटवण्याचे औषध म्हणून या अम्लाचा गवगवा बराच झाला. १३५ जणांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत (१९९८) मात्र ते निरुपयोगी ठरले आणि कुडंपुळीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. एटीपी-सिट्रेट लायेज रोखण्याची कल्पना उपयोगात आली ती वेगळ्याच औषधातून: कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या बेंपेडोइक अम्लाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्याचा कोकमाशी संबंध नाही.