यमू लिहिती कशी झाली : ‘पण लक्षात कोण घेतो!’ची पार्श्वभूमी

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीतली यमू दुःखांनी घडली, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. आईचं लवकर जाणं, बापाचं दुसरं लग्न, सासरचा जाच, ऐन तारुण्यात वैधव्य आणि शेवटी जबरदस्तीने झालेलं केशवपन. एवढं सोसलं म्हणून अल्लड पोरीची विचारी बाई झाली, असा त्याचा अर्थ. मला तो अर्धाच पटतो. तिच्या मैत्रिणीच्या, दुर्गीच्या, वाट्याला आलेलं दुःख काही कमी नव्हतं, पण आपली कहाणी लिहायला बसते ती यमू. हा फरक कुठून आला ते पाहायचं तर कादंबरीच्या मागची तीस-चाळीस वर्षं चाळावी लागतात.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालची. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते आणि ठिकठिकाणच्या विधवांचे हाल बघते. विषय धाडसाचा होता, पण त्या विधवा पानापुरत्या येतात आणि जातात, त्यांच्या मनात पुढे काय झालं ते कळत नाही. त्यानंतर ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुत कादंबऱ्यांची लाट आली. त्यांत संकटांना तोटा नाही. तरी नायिका पहिल्या पानावर जशी सुशील तशीच शेवटच्या पानावर. दुःख तिच्या अंगावरून जातं, आत उतरत नाही.

आपट्यांचा जन्म १८६४चा. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांच्या हाताखाली ते शिकले. १८९०मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूपाने आली ती १८९३मध्ये. हे क्रमशः येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. वाचकाला यमू एका रात्रीत वाचून संपवता आली नाही. दादाशी भांडणारी, लग्न म्हणजे नवी लुगडी आणि दागिने एवढंच समजणारी पोर आठवड्या-आठवड्याने त्याच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. सोप्यावरची बोलणी, माजघरातली कुजबुज, सासूची एखादी नजर या सगळ्याला आपट्यांनी ऐसपैस जागा दिली. शंकरमामंजींसारखा माणूस आधी घरातला एक करडा वडीलधारा म्हणून दिसतो आणि त्याचं खरं रूप सावकाश उघडं पडतं. कादंबरी लांबलचक आहे ही तक्रार जुनी आहे, पण ही लांबी नसती तर यमूचा बदल खरा वाटला नसता.

आता मूळ मुद्दा. यमूला नवरा म्हणून रघुनाथराव भेटतो. तो तिला शिकण्याचं प्रोत्साहन देतो, पुढे मुंबईला नेतो, आणि तिथे चार सुधारलेल्या घरांतल्या बायकांशी बरोबरीने बोलण्याची तिला सवय होते. तिचं सुखाचं आयुष्य एवढंच. पण आधी भोगलेल्या गोष्टींना नाव द्यायला ती इथे शिकते. म्हणूनच पुढे वैधव्य येतं तेव्हा आपल्यावर अन्याय होतोय हे तिला कळत असतं, आणि ते कळणं असह्य असतं. आपट्यांनी बदल दाखवला तो असा कडू. जाण आली, पण सुटकेची वाट नाही.

नवऱ्याने बायकोला शिकवणं ही तेव्हा कादंबरीतली कल्पना राहिली नव्हती. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३मध्ये अकराव्या वर्षी झालं. माधवरावांनी त्यांना अक्षरओळखीपासून शिकवलं आणि त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी रमाबाईंनी वर्षानुवर्षं खाल्ली. काशीबाई कानिटकर सासरी आल्यावरच वाचायला शिकल्या आणि १८८९मध्ये त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ची. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंनी १८८५मध्ये टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून बालविवाहाने काय होतं ते सांगितलं, आणि नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७मध्ये ऐकला. थोडक्यात, सोसणारी बाई लिहू लागली होती. आपट्यांनी कादंबरीला आत्मचरित्राचा घाट दिला तो या हवेत. पुरुषाने बाईच्या तोंडून बोलावं याबद्दल आज प्रश्न विचारला जातो आणि विचारावाही. पण यमूची भाषा वाचताना ती घरातल्या बायकांकडे कान देऊन मिळवलेली आहे, हे जाणवल्याशिवाय राहत नाही.

बाहेर पुणं पेटलेलंच होतं. १८८९ साली मुंबईत सुरू झालेलं पंडिता रमाबाईंचं शारदासदन, म्हणजे विधवांना आसरा आणि शिक्षण देणारी संस्था, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. १८९१मध्ये संमतिवयाची, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेल्या किमान वयाची, मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. टिळक त्याच्या विरोधात, आगरकर बाजूने. कादंबरीचे हप्ते याच धुमश्चक्रीत चालू होते.

केशवपनाचा प्रसंग मी आजही एका बैठकीत वाचू शकत नाही. ज्या मुलीचं मन आपण शेकडो पानं आतून पाहिलं, तिच्यापुढे वस्तरा येतो. हा वस्तरा चालवणाऱ्या हातांनी मात्र त्याच सुमाराला वेगळं ठरवलं होतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९०मध्येच मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला. सोवळेपणाचा धाक घालणारे शंकरमामंजी बदलायला तयार नव्हते, आणि ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता ते तयार झाले.

कादंबरीचं पुस्तक निघालं त्याच १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा, त्यांचंही केशवपन झालेलं. कर्व्यांच्या आश्रमात त्या शिकल्या, आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या, आणि पुढे केशवपन सोडून त्यांनी केस राखले. १९२८ साली त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भाषेत ‘माझी कहाणी’ लिहिली.