कापूस घरात आला की ट्रेबल किती ठेवायचा?

दिवाळीनंतर आमच्या वणीकडच्या घरात पुढच्या खोलीत कापूस येऊन पडतो. भाव वाढेल या आशेवर तो तिथंच राहतो, पार छताला टेकेपर्यंत. दरवर्षी त्याच सुमारास बाबा म्हणतात, "डबा बिघडला वाट्टे बाप्पा, आवाजच मेला." डबा म्हणजे माझा ॲम्प्लिफायर. तो ठणठणीत असतो. आवाज कापसानं खाल्लेला असतो.

ध्वनी म्हणजे हवेची ये-जा. तंतूंमधून ही हवा घासत जाते आणि तिची ऊर्जा किंचितशा उष्णतेत जिरते. मात्र सगळे स्वर सारखे जिरत नाहीत. ५००० हर्ट्झच्या उंच स्वराची लाट जेमतेम ७ सेंटिमीटरची, तिला हातभर कापूस पुरून उरतो. १०० हर्ट्झच्या खर्जाची लाट साडेतीन मीटरची, ती तेवढ्या ढिगाला फारशी जुमानत नाही. म्हणून टाळ-झांजा आणि शब्दांतले 'स', 'श' मंदावतात, ढोलकीचा धुम्म तसाच राहतो. ट्रेबलचं, म्हणजे उंच स्वर वाढवायचं-घटवायचं बटण थोडं पुढं केलं की गाण्यातले शब्द पुन्हा कळू लागतात.

हाय-फायच्या, म्हणजे अस्सल आवाजाच्या शौकिनांत ट्रेबल आणि बास (खर्जाचं बटण) यांना मान नाही. रेकॉर्डिंग जसं आहे तसंच ऐकावं, असा त्यांचा हट्ट. कित्येक महागड्या ॲम्पवर बास-ट्रेबल नसतातच. वास्तविक पीटर बॅक्झँडल या ब्रिटिश इंजिनिअरनं १९५२ साली एक साधं सर्किट मांडलं. त्याच धर्तीची सर्किटं पुढं असंख्य ॲम्पमध्ये आली. त्यात बटण मधोमध ठेवलं की आवाजात जवळजवळ काही फरक पडत नाही. आणि 'जसं आहे तसं' स्पीकरपर्यंतच टिकतं. तिथून कानापर्यंत आपली खोली असते.

कानही काही तराजू नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज हळू केला की खर्जाचे स्वर आपल्याला जास्त कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच १०० हर्ट्झचा वाटायला साधारण ६४ डेसिबल लागतात. आई झोपल्यावर मी हळू आवाजात ऐकतो तेव्हा बास वाढवतो, तो याचसाठी. यात पाप कसलं?

पण बटणाला मर्यादा आहेत. कापूस विकला की सिमेंटच्या उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवली तरी खणखणते. तिथं ट्रेबल कमी करून कर्कशपणा घटतो, घुमण्याचा वेळ मात्र तेवढाच राहतो. त्याला गोधड्या, खाटा, पडदे हवेत. १२ फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा एखादाच स्वर फुगतो. बासचं बटण सगळाच खर्ज उचलतं किंवा दाबतं, तेवढा एक स्वर त्याला वेचता येत नाही. खुर्ची हातभर सरकवून पाहणं जास्त कामाचं.

लग्नातल्या डीजेची हौस घरी भागवू पाहणाऱ्यांसाठी हिशेब असा: बास ३ डेसिबल वाढवला की त्या पट्ट्यात दुप्पट पॉवर लागते, १० वाढवला की दहापट. छोट्या ॲम्पचा तेवढ्यानं दम सुटतो, आवाज फाटतो, आणि बळी जातो तो बिचाऱ्या ट्वीटरचा, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरचा.

वय वाढलं की आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळं बाबा ट्रेबल पूर्ण उजवीकडं फिरवून ठेवतात. मी घरात शिरलो की पहिलं बटण तेच मागं घेतो. परवा पाहिलं, तर त्यांनी त्यांच्या खुणेसाठी तिथं कुंकवाचा ठिपका लावलाय.